बंदूक कोणती, हे खोली ठरवते

गेमच्या परीक्षणांत एक वाक्य हमखास सापडतं: ‘या गेममध्ये शस्त्रांची भरपूर निवड आहे.’ वाचायला बरं वाटतं. पण हेच वाक्य तुम्ही सिनॉप्सिसमध्ये लिहिलंत, तर आरआरसीत पहिला प्रश्न ठरलेला आहे. निवड म्हणजे काय, आणि ती मोजणार कशी? नुसती बंदुकांची संख्या म्हणजे निवड असेल, तर हॉटेलच्या मेनूकार्डावरचे १४० पदार्थ म्हणजेही निवडच. वेटरला विचारल्यावर मात्र राइसप्लेटच असते.

आज या एका वाक्याची झडती घेऊ. त्यासाठी ‘डूम’ घेते आहे. आवडतो हे एक कारण, पण ते संशोधनाला पुरत नाही. दुसरं कारण जास्त कामाचं आहे. ‘डूम’ डिसेंबर १९९३ मध्ये आला, ‘डूम २’ १९९४ मध्ये, आणि १९९७ च्या डिसेंबरात आयडी सॉफ्टवेअरने त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला केला. त्यामुळे कोणती बंदूक किती इजा करते, कोणता राक्षस किती सोसतो, हे अंदाजाने सांगावं लागत नाही, कोडमध्ये वाचता येतं. आणि या मालिकेचा २०२० मधला वंशज ‘डूम इटर्नल’ याच प्रश्नाचं अगदी वेगळं उत्तर देतो. एकच घराणं आणि मध्ये २७ वर्षं. तुलनेला याहून चांगली जोडी मिळणं कठीण.

ज्यांनी असे गेम खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: फर्स्ट पर्सन शूटरमध्ये पडदा म्हणजे तुमचे डोळे, खाली मध्यभागी तुमच्या हातातली बंदूक, समोर शत्रू. एका वेळी एकच बंदूक हातात, बाकीच्या पाठीवर. कोणती कधी काढायची, ही शस्त्रनिवड. कोणते शत्रू, किती, कुठे आणि कोणत्या क्रमाने समोर आणायचे, ही चकमकीची रचना. परीक्षणं या दोन गोष्टींना वेगवेगळे परिच्छेद देतात. माझं म्हणणं असं, की वेगळे केले की दोन्हींतलं काहीच हाती लागत नाही.

कागदावरची बंदूक

‘डूम २’मध्ये दोन शॉटगन आहेत. साधी शॉटगन एका काडतुसात ७ छर्रे मारते. प्रत्येक छर्र्याचं डॅमेज ५, १० किंवा १५, म्हणजे सरासरी १०. सुपर शॉटगन एका वेळी २ काडतुसं खाते आणि २० छर्रे मारते, प्रत्येकाचं डॅमेज तेच. साधीचे मिनिटाला साधारण ५७ बार होतात, सुपरचे ३७.

आता हिशेब करा. काडतुसामागे डॅमेज: साधी ७०, सुपर १००. मिनिटामागे डॅमेज: साधी चार हजाराच्या आत, सुपर सात हजारांच्या वर. दोन्ही मोजमापांत सुपर पुढे. म्हणजे सुपर शॉटगन मिळाली की साधी फेकून द्यायला हवी. टेबल करून गाईडला दाखवलंत तर निष्कर्ष असाच निघेल, आणि खेळताना असं होत नाही.

का होत नाही ते इम्पवर बघा. इम्प म्हणजे आगीचे गोळे फेकणारा तपकिरी राक्षस, हेल्थ ६०. साध्या शॉटगनचा एक बार सरासरी ७०, म्हणजे ‘एका बारात मरतो’ असं वाटतं. पण सरासरीवर विसंबायचं नसतं, वितरण बघायचं असतं. सातही छर्रे लागले आणि फासे सरळ आहेत असं धरलं, तर ७ छर्र्यांच्या २१८७ शक्यतांपैकी २७४ मध्ये बेरीज ६० पेक्षा कमी येते. म्हणजे साधारण आठातून एकदा इम्प उभाच राहतो. दुसऱ्या बारात मात्र तो मरतोच, कारण १४ छर्र्यांचं किमान डॅमेज ७० आहे. म्हणून साध्या शॉटगनने एका इम्पला सरासरी सव्वा काडतुसाहूनही थोडं कमी लागतं. सुपरचे वीसही छर्रे लागले तर किमान १००, म्हणजे इम्प खात्रीने मेला, पण काडतुसं गेली २. तुम्ही जवळपास दुप्पट किंमत मोजून खात्री विकत घेतलीत.

ही खात्री हवी की नको? एकटा इम्प दूर कठड्यावर उभा असेल तर नको. शिवाय सुपरचे छर्रे आडवे जास्त फाकतात आणि उभेही फाकतात, त्यामुळे त्या अंतरावर वीसांतले किती लागतील हाच प्रश्न. तीन इम्प अरुंद बोळात खांद्याला खांदा लावून येत असतील तर हवी, कारण मघाशी जे फाकणं नुकसान करत होतं तेच आता तिघांना एकदम झोडतं. आणि समोर हेल नाइट असेल, हेल्थ ५००, तर साधीला सात-आठ बार लागतात, सुपरला साधारण तीन. तिथे प्रश्नच येत नाही.

बंदुकीचा एकही आकडा बदलला नाही. तरी उत्तर तीनदा बदललं.

एकटा कॅकोडेमन आणि चार कॅकोडेमन

माझ्या मते या गेमच्या रचनेतलं सगळ्यात सुंदर उदाहरण कॅकोडेमनचं आहे. एका डोळ्याचा लाल फुगा, हवेत तरंगतो, तोंडातून वीज फेकतो. हेल्थ ४००. पण त्याच्याबद्दलचा महत्त्वाचा आकडा हेल्थचा नाही. ‘डूम’मध्ये प्रत्येक राक्षसाला एक पेन चान्स असतो: इजा झाली की तो कळवळून हातातलं काम सोडण्याची शक्यता. कॅकोडेमनची ही शक्यता २५६ पैकी १२८, म्हणजे अर्धी. आर्च-व्हाइल नावाच्या दुसऱ्या एका राक्षसाची २५६ पैकी १०. तो जवळजवळ कळवळतच नाही.

चेनगन सेकंदाला पावणेनऊच्या आसपास गोळ्या मारते. मिनिटाच्या डॅमेजमध्ये ती सुपर शॉटगनच्या खालीच आहे. पण प्रत्येक गोळीला कॅकोडेमन नाणेफेक हरू शकतो. लागोपाठ ८ गोळ्या लागूनही तो एकदाही कळवळणार नाही, याची शक्यता २५६ मध्ये १. म्हणजे चेनगनचा मारा सुरू राहिला, तर एकट्या कॅकोडेमनला वीज फेकायची पाळी क्वचितच मिळते. कमी डॅमेजची बंदूक इथे जास्त सुरक्षित ठरते, आणि तीही लांबून.

आता त्याच मैदानात चार कॅकोडेमन सोडा. चेनगन एकालाच धरून ठेवते, उरलेले तिघे मोकळे. धरून ठेवण्याचा फायदा चौथाईवर येतो आणि ‘लवकर मारणं’ महत्त्वाचं होतं. मग रॉकेट, किंवा जवळ येऊ देऊन सुपर शॉटगन. बंद खोली असेल तर रॉकेट नको, स्फोट तुम्हालाही लागतो. राक्षस तोच, बंदुका त्याच. बदलली फक्त संख्या आणि भिंती.

आर्च-व्हाइलचं असंच. तो तुम्हाला थेट बघू शकत असेल तरच त्याची आग लागते. हल्ला पूर्ण व्हायच्या आत तुम्ही आडोशाला गेलात तर वाचलात. जवळ खांब असेल तर सुपर शॉटगन पुरते: बार, खांबामागे, बार, खांबामागे. खांब नसेल तर आडोशाचं काम वेगाने करावं लागतं, मग प्लाझ्मा रायफल किंवा बीएफजी. म्हणजे लेव्हल आखणाऱ्याने एक खांब पुसला की तुमच्या हातातली बंदूक बदलते. त्यात हा प्राणी मेलेल्या राक्षसांना उठवतो. म्हणून पाच मिनिटांपूर्वी तुम्ही कुणाला कुठे मारलं होतं, तेही आता शस्त्रनिवडीत येतं.

आणि कधी कधी योग्य बंदूक म्हणजे न चालवलेली बंदूक. ‘डूम २’च्या विसाव्या नकाशात सायबरडेमन आणि स्पायडर मास्टरमाइंड एकाच ठिकाणी आहेत. दोघांची हेल्थ अनुक्रमे ४००० आणि ३०००, आणि दोघांवरही स्फोटाच्या झळीचा परिणाम होत नाही. पण एकाचा मार दुसऱ्याला लागला की ते आपसांत जुंपतात. तुम्ही मध्ये उभं राहायचं आणि वेळेवर बाजूला व्हायचं. यात कोणत्याच बंदुकीचा आकडा येत नाही.

आता मोजमाप

‘निवड आहे’ या वाक्याला आता हाड देता येईल. शॅननची एन्ट्रॉपी तुमच्यापैकी काहींनी नेटच्या अभ्यासात पाहिली असेल. सोप्या शब्दांत, पुढे काय येणार याची अनिश्चितता बिट्समध्ये. दोन बंदुका सारख्याच प्रमाणात वापरल्या जात असतील तर १ बिट. नेहमी एकच वापरली जात असेल तर ०.

प्रश्न दोन पायऱ्यांत विचारायचा. पहिली पायरी: शत्रू कोणता हे मला सांगितलं, तर खेळाडूच्या हातातल्या बंदुकीबद्दल किती अनिश्चितता उरते? दुसरी: शत्रू आणि खोली दोन्ही सांगितली, म्हणजे अंतर, आडोसा, संख्या, सोबत आणखी कोण, तर किती उरते?

कल्पनेतलं उदाहरण घेऊ. कॅकोडेमनशी झालेल्या २० चकमकी, १० एकट्याशी, १० झुंडीशी. एकट्याला दहाही वेळा चेनगन, झुंडीला दहाही वेळा रॉकेट. नुसतं ‘कॅकोडेमन’ सांगितलं तर १ बिट अनिश्चितता. खोलीही सांगितली तर ०. हा मधला फरक, एक बिट, खोलीने ठरवला. माझ्या लेखाचं शीर्षक आकड्यात लिहायचं तर ते एवढंच आहे.

पहिल्या पायरीवरच ० आला तर ती कुलूप-किल्ली आहे: हा राक्षस म्हणजे ही बंदूक, विषय संपला. दोन्ही पायऱ्यांवर आकडा मोठा आणि सारखाच असेल तर बंदुकांत फरकच नाही, रंग वेगळे एवढंच. दोन्ही टोकांना परीक्षण लिहिणारा ‘भरपूर निवड’ लिहून जातो, कारण तो बंदुका मोजतो.

एक हरकत तुम्ही आत्ताच घ्यायला हवी. दुसऱ्या पायरीवर शून्य आला, म्हणजे खोलीने सगळंच ठरवलं, मग खेळाडूने काय निवडलं? हरकत रास्त आहे. मी त्याला निवड म्हणण्यापेक्षा वाचन म्हणेन, आणि खेळताना बहुतेक मजा या वाचनाचीच असते. पण दुसऱ्या पायरीवर थोडं काहीतरी उरायला हवं. ते उरलेलं म्हणजे तुमचा स्वभाव, तुमची भीती, काडतुसं जपून ठेवायची सवय.

२०२० चं उत्तर

‘डूम इटर्नल’कडे या मोजपट्टीने बघू. आधी त्याचं श्रेय. २०१६ च्या ‘डूम’मध्ये एक दुखणं होतं: सुपर शॉटगन मिळून थोडी सुधारली की बऱ्याच चकमकी तिच्यावरच निघायच्या. ‘इटर्नल’ने ते दुखणं मुळापासून काढलं. दारूगोळा कमी केला. सुरुवातीला शॉटगनची काडतुसं जेमतेम १६ मावतात. जुन्या ‘डूम’मध्ये ५० मावायची, पाठपिशवी मिळाल्यावर १००. गोळ्या संपल्या की चेनसॉने एखाद्याला कापायचं, गोळ्या सांडतात. हेल्थ हवी तर ग्लोरी किल, चिलखत हवं तर आग लावायची. शत्रू हे एकाच वेळी धोका आणि रेशन दुकान. गेमचे दिग्दर्शक ह्यूगो मार्टिन या सगळ्याला ‘फन झोन’ म्हणतात, खेळाडूला त्यात ओढून आणायचं असं त्यांचं धोरण. ओढतात खरं. दहा सेकंदांत चार बंदुका हातातून जातात.

पण कोणती बंदूक, हे कशावरून ठरतं? इथे गेमने शत्रूंना दुबळ्या जागा दिल्या आहेत. मॅन्क्युबसच्या हातांच्या तोफा उडवा, अरॅक्नोट्रॉनच्या पाठीवरचा टरेट उडवा, ढालवाल्या सैनिकाची ढाल प्लाझ्माने फोडा. आणि आपला कॅकोडेमन? त्याच्या उघड्या तोंडात ग्रेनेड किंवा शॉटगनचा स्टिकी बॉम्ब टाका, तो गिळतो, गरगरतो, मग ग्लोरी किल. खोली अरुंद असो की मोकळी, एक असो की चार, उत्तर तेच. वर तो शत्रू पहिल्यांदा भेटला की गेम चित्रासकट पाटी दाखवून हे उत्तर सांगतोही. प्रश्नपत्रिकेला गाईड जोडून दिल्यासारखं.

तरीही न्यायाने बोलायचं तर बेस गेममध्ये पहिल्या पायरीचा आकडा शून्य नाही. ग्रेनेड एकदा टाकला की पुन्हा भरायला वेळ लागतो. तो आत्ताच मॅन्क्युबसवर खर्च केला असेल, तर कॅकोडेमनला दुसऱ्या मार्गाने हाताळावं लागतं. म्हणजे खोली मागच्या दाराने परत येते, फक्त भिंतींऐवजी घड्याळाच्या रूपात. चकमकीत पाच जातींचे राक्षस एकदम असतात तेव्हा हे घड्याळ खरंच विचार करायला लावतं. हा गेम मला आवडतो तो या जागी.

मरॉडरवर मात्र सगळे तुटून पडले, आणि मला वाटतं थोडं चुकीच्या कारणासाठी. हा ढालवाला शत्रू फक्त मधल्या अंतरावर, त्याचे डोळे हिरवे चमकतात त्या क्षणीच जखमी होतो. जवळ गेलात तर शॉटगन मारतो, लांब गेलात तर दुरून मारतो. ‘आमचं स्वातंत्र्य काढून घेतलं’ अशी तक्रार झाली. पण बघा, त्या क्षणी कोणती बंदूक चालवायची यावर फारसं बंधन नाही. सुपर शॉटगन चालते, बॅलिस्टा चालतो, दोन्ही पटापट बदलून मारणारेही आहेत. त्याने काढून घेतलं ते अंतर आणि वेळ. आणि त्याच्याशी पहिली भेट जवळजवळ एकास एक ठेवली आहे, आजूबाजूला वाचायला काही नाही, फक्त तो हिरवा दिवा. तोच मरॉडर गर्दीत टाकला की निदान ‘याला शेवटी बघू’ असं म्हणता येतं. तिथे तो बराच बरा आहे. दोष त्या शत्रूपेक्षा त्याला दिलेल्या रिकाम्या खोलीचा जास्त.

खरा दोष पुढे आला. ऑक्टोबर २०२० आणि मार्च २०२१ मध्ये ‘द एन्शंट गॉड्स’ ही दोन भागांची पुरवणी निघाली. दुसऱ्या भागात स्टोन इम्प आहे. कॉम्बॅट शॉटगनचं फुल ऑटो सोडलं, तर बाकीच्या गोळ्यांना तो जवळजवळ दाद देत नाही. अर्धवट वापरात राहिलेल्या एका सोयीला काम मिळावं म्हणून केलेला शत्रू, असं वाटतं. तो दिसला की बंदूक बदला, दाबून धरा, संपलं. पहिल्या पायरीवर शून्य बिट. यावर कुणी म्हणेल की वेगात घाई होते, तणाव वाढतो. वाढतो. पण सिग्नल लाल झाल्यावर ब्रेक दाबणं हा निर्णय नव्हे.

याच्याशेजारी पहिल्या भागातला स्पिरिट ठेवा. हे भूत दुसऱ्या राक्षसाच्या अंगात शिरतं आणि त्याला चिवट व वेगवान करतं. तो राक्षस मेला की भूत बाहेर येतं, आणि प्लाझ्मा रायफलचा मायक्रोवेव्ह बीम लावूनच ते संपवावं लागतं, नाहीतर नवं शरीर शोधतं. शस्त्राच्या दृष्टीने हीसुद्धा कुलूप-किल्लीच. आपल्या मोजपट्टीवर स्टोन इम्प आणि स्पिरिट दोघांनाही शून्य. पण खेळताना ते अजिबात सारखे नाहीत. बीम लावताना तुम्ही मंदावता, त्यामुळे भूतबाधा झालेल्या राक्षसाला कुठे मारायचं हे आधी ठरवावं लागतं: मोकळ्या जागी मारला तर बीम लावताना बाकीचे तुमचा फडशा पाडतात. आधी आजूबाजूचे संपवायचे, की भूत दुसऱ्यात शिरायच्या आत यालाच? निवड बंदुकीतून निघून जागेत आणि क्रमात गेली. ती आहे, आणि माझ्या मोजपट्टीला दिसत नाही.

तुमच्या प्रबंधात असं होईल तेव्हा आनंदाने लिहा. दोन गोष्टींना मोजपट्टी समान आकडा देते आणि तुमची जाण त्यांना वेगळं म्हणते, तेव्हा एकतर जाण खोटी किंवा चल अपुरा. इथे चल अपुरा आहे. ‘हातातली बंदूक’ याऐवजी ‘बंदूक, उभं राहायची जागा आणि कुणाला आधी’ हे त्रिकूट मोजायला हवं.

‘हेलो’वर एकच परिच्छेद देते, कारण त्याचं दुखणं वेगळं आणि मोठं आहे. २००१ च्या ‘हेलो’मध्ये एका वेळी दोनच बंदुका बाळगता येतात. म्हणजे निवड चकमकीच्या आधीच, पुढे काय येणार ते माहीत नसताना करायची. प्लाझ्मा पिस्तूल ढाल उतरवायला उत्तम, मांसाला मानवी बंदुका बऱ्या, म्हणून जोडी जमवायची. आणि फ्लड आले की स्नायपर रायफल ओझं होते. त्याच गेमचे एक डिझायनर जेमी ग्रीझमर यांनी २०१० च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये एक अख्खं भाषण दिलं, विषय: ‘हेलो ३’मध्ये स्नायपर रायफलच्या दोन गोळ्यांमधला वेळ ०.५ सेकंदावरून ०.७ सेकंद का केला. सेकंदाच्या दोन दशांशांवर एक भाषण! संशोधनाचा विषय किती अरुंद असावा असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगते.

विदा कुठे मिळेल

हे सगळं तपासायला विदा लागेल, आणि ‘डूम’साठी तो आहे. गेम आपल्या खेळाची नोंद डेमो फाइलमध्ये करतो. सेकंदाला ३५ टिक, आणि दर टिकला खेळाडूने कोणती कळ दाबली ते. इंजिन त्यावरून तोच खेळ हुबेहूब पुन्हा चालवतं. अशा हजारो फाइली खेळाडूंनी सार्वजनिक ठेवलेल्या आहेत.

फाइल नुसती उघडून शस्त्र बदलायच्या कळा मोजायचा मोह होईल. तसं करू नका. नवी बंदूक उचलली की किंवा गोळ्या संपल्या की इंजिन स्वतःहून बंदूक बदलतं, आणि ते बदल कळांत दिसत नाहीत. म्हणून खेळ इंजिनमधून पुन्हा चालवून, दर बाराच्या वेळी हातात काय होतं ते नोंदवायचं. आणि इंजिनने बदललेली बंदूक खेळाडूने निवडली असं धरायचं की नाही, हे आधी लिहून ठेवायचं. आकडे आल्यावर नव्हे.

दुसरी अडचण नमुन्याची. या फाइली बहुतांशी वेगाची स्पर्धा करणाऱ्यांच्या. ते शत्रूला मारतात तेवढेच टाळतात, आणि त्यांना नकाशा पाठ असतो. खोली वाचायचं काम त्यांनी शंभर प्रयत्नांपूर्वी संपवलेलं असतं. मात्र त्यांच्याकडे एक गोष्ट अशी आहे जी प्रयोगशाळेत मुद्दाम उभी करावी लागली असती: टायसन नावाचा प्रकार, ज्यात फक्त मूठ, चेनसॉ आणि पिस्तूल वापरून नकाशा संपवायचा. म्हणजे बाकीची शस्त्रं काढून घेतल्यावर तीच खोली काय मागते, याची आयती नोंद. मशीन लर्निंगवाले यालाच अब्लेशन म्हणतात. पिस्तूल स्टार्ट हा दुसरा आयता नियंत्रण-गट: आधीच्या नकाशातलं काहीही न आणता, फक्त पिस्तूल आणि मूठ घेऊन सुरुवात.

सुरुवात करायची असेल तर ‘डूम २’चा सातवा नकाशा घ्या, ‘डेड सिम्पल’. छोटा आहे, आणि तिथे मुख्य राक्षस दोनच: आधी मॅन्क्युबस, ते सगळे मेले की भिंती खाली जातात आणि अरॅक्नोट्रॉन मोकळे होतात. मॅन्क्युबस गोळे फाकवून फेकतो, ते मोकळ्यावर चुकवता येतात. तोच बोळात भेटला असता तर गोळे बोळ भरून टाकतात. अरॅक्नोट्रॉन प्लाझ्माची सलग धार सोडतो, त्याच्यासमोर उभं राहून सुपर शॉटगन भरत बसता येत नाही. शत्रूच्या फक्त दोन जाती आणि मधोमध खोली बदलणारी एक घटना, त्यामुळे आपल्या दोन पायऱ्यांचा हिशेब वहीतही मांडता येईल. भिंती पडायच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी वेगळ्या ठेवा, आणि शक्य झालं तर एखाद्या नवख्या मित्राला खेळायला बसवून त्याची फाइलही त्याच टेबलात एका वेगळ्या रकान्यात टाका.